बैलमुती

मिरामारच्या वाळूवर एक पोरगेला स्वयंसेवक माझ्या पायाशी बसला आणि घोट्याला बांधलेली, वेळ मोजणारी चिप सोडवायला लागला. वेल्क्रोचा चर्रर्र आवाज झाला. "सॉरी, मॅडम." घड्याळात १ तास १६ मिनिटं झाली होती आणि १.९ किलोमीटर पोहायला मुदत होती १ तास १० मिनिटांची. पुढची ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणं माझ्यासाठी तिथंच संपलं. अकरा महिन्यांचा सराव आणि सहा मिनिटं!

पोहणं, सायकल आणि धावणं एकापाठोपाठ करायची गोव्यातली ही हाफ आयर्नमॅन शर्यत २०१९ला सुरू झाली, तेव्हा मला धड पोहताही येत नव्हतं. लहानपणी दोघे भाऊ पाठीला डबा बांधून पंचगंगेत शिकले, मी घाटावर त्यांचे कपडे सांभाळत बसायचे. चाळिशीत टँकवर गेले तेव्हा माझ्या बॅचमध्ये सगळी दुसरी-तिसरीतली पोरं. त्यातला एक मला रोज विचारायचा, "काकू, आज तरी सोडणार का काठाचा बार?"

मी बँकेत कॅशला बसते. त्यामुळे सराव पहाटे साडेचारला, नाहीतर नाहीच. रविवारी सायकलवर कागल, पुढं निपाणी. पेडलमध्ये अडकणारे क्लीटचे बूट घेतले त्याच आठवड्यात कोल्हापूरच्या तावडे हॉटेलपाशी सिग्नलला थांबले आणि बूट पेडलमधून निघेचना. जागेवरच, अगदी सावकाश, झाड तोडल्यासारखी आडवी झाले. मार कोपराला लागला, पण झोंबला तो एका रिक्षावाल्याचा प्रश्न, "ताई, थांबल्यावर कसं काय पडला?"

सायकलवरून उतरून लगेच धावायचं, त्याला ब्रिक म्हणतात. पहिली दहा मिनिटं पाय आपले नसतातच. मांड्या अजून पेडल मारतायत आणि खाली रस्ता मात्र सरकत नाही. ते जमायला लागलं तशी मला हाव सुटली आणि एका महिन्यात धावणं जवळजवळ दुप्पट केलं. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला सुई टोचल्यासारखं दुखायला लागलं, विशेषतः जिना उतरताना. फिजिओ म्हणाली, गुडघा बिचारा चांगलाय, कंबरेखालचे स्नायू कामचुकार आहेत. सहा आठवडे धावणं बंद. सतरंजीवर एका कुशीवर पडून पाय वर-खाली करत बसले. आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, शेंगा सोलत बघायच्या. "पैसे भरून दमायला जातीस व्हय गं?" या प्रश्नाला अजून माझ्याकडं उत्तर नाही.

गंमत म्हणजे या सगळ्यात पोहण्याची काळजी मी केलीच नाही. टँकमध्ये १.९ किलोमीटर ६२ मिनिटांत व्हायचं. आठ मिनिटं हातात. शिवाय समुद्राच्या खाऱ्या पाण्यात अंग वर राहतं, अशी मनाची समजूत. पाणी कोमट असल्यामुळं अंग तरंगतं ठेवणारा रबरी वेटसूट चालत नाही, त्याचंही मला काही वाटलं नव्हतं.

पण टँकच्या तळाला काळी पट्टी असते. ती बघत गेलं की माणूस सरळ जातो. समुद्रात डोकं खाली घातलं की नुसतं हिरवट गढूळ, स्वतःची बोटंसुद्धा दिसत नव्हती. वर काढलं की लाट. वाट दाखवणारा पिवळा तरंगता बोया आपण लाटेच्या माथ्यावर असलो तरच दिसायचा, तोही क्षणभर, आणि दर वेळी भलत्याच बाजूला. कुणाची तरी टाच गॉगलवर बसली, डाव्या डोळ्यात पाणी शिरलं, एक मोठा खारट घोट पोटात गेला आणि माझा श्वास तुटला. मदतीला असलेली कयाक, म्हणजे छोटी होडी, धरून थांबायला परवानगी असते, फक्त तिनं तुम्हाला ओढायचं नाही. मी धरून थांबले. किती वेळ, माहीत नाही. कयाकवाला "रिलॅक्स, रिलॅक्स" म्हणत होता आणि मला एवढंच आठवत होतं की गॅसवर काही ठेवून तर आले नाही ना.

ट्रान्झिशनमध्ये, म्हणजे पोहून आल्यावर सायकल घ्यायच्या जागी, सायकल तशीच उभी होती. हवा भरलेली. लिंबू, मीठ, साखरेच्या पाण्याच्या दोन बाटल्या काठोकाठ. खिशात सोललेले उकडलेले बटाटे. परत येताना आंबोली घाटात त्यातली एक बाटली मी गाडीत बसून प्यायले. हे गाडी चालवत होते, एक शब्द बोलले नाहीत. त्याबद्दल त्यांचे आभार मानायचे राहिलेत.

घरी मुलीनं घड्याळातला नकाशा मोबाइलवर उघडला. आत्तींनी चष्मा लावून बघितला. त्यांचं माहेर शेतकऱ्याचं, त्यामुळं त्यांना क्षणात ओळख पटली. "ही कसली बैलमुती काढलीस?"

खरंच, चालत्या बैलानं धार सोडावी तशी रेघ होती. १.९च्या जागी २.३ किलोमीटर. मी घरातल्या फरशीवर बसून हिशेब केला (कॅशियरची खोड). माझा वेग टँकमधल्याएवढाच होता! सरळ गेले असते तर कयाकवर टेकूनसुद्धा मुदतीत निघाले असते. चारशे मीटर मी नुसती भटकले. वर्षभर दम वाढवला, पाय वाढवले, पण मान वर करून समोर बघायचं शिकलेच नव्हते.

म्हणून या वर्षी रविवारची सायकल कमी केली आणि राजाराम तलाव धरला. कमरेला केशरी फ्लोट, काठावर कुणीतरी ओळखीचं. पलीकडचं एक झाड हेरायचं आणि दर आठ हातांनी डोळे वर काढायचे. सगळं डोकं काढलं तर कंबर बुडते आणि वेग जातो. म्हैस पाण्यात बसते ना, तसे फक्त डोळे. सुरुवातीला मान इतकी दुखली की काउंटरवर ग्राहकाकडं बघायला सगळी खुर्ची फिरवायला लागायची. पावसाळ्यात दोन महिने हेही बंद पडलं. गुडघा अधूनमधून आठवण देतोच.

परवा १.९ धरून निघाले, घड्याळानं २.०५ दाखवले. ६८ मिनिटं. म्हणजे हातात दोनच मिनिटं, आणि इथं लाटा नाहीत. मी खूश व्हावं की नाही, या विचारात चहा गाळत होते. तेवढ्यात आत्तींनी नातीकडून मोबाइल मागून घेतला, लांब धरून बघितला आणि म्हणाल्या,

"आज बैल जरा सरळ चाललाय."