पोपटाच्या वेलावरचा मावा

नोव्हेंबर-डिसेंबरात दोन दिवस आभाळ राहिलं की वालाच्या, आमच्याकडे ज्याला पोपट म्हणतात त्या वेलाचे शेंडे काळे दिसायला लागतात. कोवळा शेंडा, कळ्यांचा तुरा, नुकती धरलेली शेंग, जिथे रस आहे तिथे चकचकीत काळे किडे दाटीने बसलेले असतात आणि त्यांच्यात बारीक राखाडी पिल्लं. हाच रस शोषणारा मावा. खालची पानं हाताला चिकट लागतात. तो चिकटा तसाच राहिला तर त्यावर काजळी धरते.

आमच्या घरामागच्या सांदवाडीत मांडवावर पोपटाचा वेल आहे आणि कुंपणाला चवळी. वांगं-वालाच्या शेंगांची भाजी या दिवसांत घरात एक दिवसाआड होते. त्यामुळे मावा दिसला की जीव वरखाली होतो, ते मला पुरतं ठाऊक आहे. नेमकी तेव्हाच तुरीवर फवारणी चालू असते आणि शेजारचे भाऊ कुंपणापलीकडून मायेनं विचारतात, "वहिनी, पंपात औषध उरलं हाये, मारून देऊ काय वेलावर?"

मी नको म्हणते. आमचा जिल्हा यवतमाळ. २०१७ मध्ये इथे फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं गेली. त्यानंतर उरलंसुरलं औषध घराच्या भाजीवर मारायची कल्पनाच मला सहन होत नाही. शिवाय फवारल्यावर तोडणीआधी ठरावीक दिवस थांबावं लागतं, आणि एक दिवसाआड तोडायच्या शेंगांना तेवढी उसंत कुठून मिळणार? इमिडाक्लोप्रिडसारखं औषध तर झाडाच्या रसात भिनतं, फुलापर्यंत जातं. वालाच्या जांभळ्या फुलांवर सकाळी मधमाश्या आणि मोठे काळे भुंगे येतात, त्यांनी काय करायचं?

आणखी एक कारण आहे, आणि माझ्या मते तेच सगळ्यांत मोठं. माव्याच्या मादीला नर लागत नाही. ती जिवंत पिल्लं टाकते आणि ती पिल्लं आठवडाभरात स्वतः पिल्लं टाकायला लागतात. त्याला खाणाऱ्या ढालकिड्याला मात्र अंड्यापासून भुंगा व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. औषधाने दोघंही मेले तर आधी परत येतो तो मावाच, आणि आता त्याला खाणारं कुणी नसतं.

म्हणून मी आधी पान उलटून बघते. ढालकिडा सगळ्यांना ओळखू येतो, लाल-नारिंगी, पाठीवर काळे ठिपके नाहीतर नागमोडी रेघा. पण त्याची अळी ओळखू येत नाही आणि बिचारी माणसांच्या हातून चिरडली जाते. लांबट, काळपट, अंगावर पिवळे-नारिंगी डाग, सहा पायांनी तुरुतुरु चालणारी, एवढीशी मगरच जणू. मी तिला मावा खाताना निवांत पाहिलंय. एक किडा तोंडात धरते, त्याचा रस शोषते, तो चिपाड झाला की सोडून पुढचा धरते. केसाएवढ्या दांड्यांवर पांढरे ठिपके उभे दिसले तर ती क्रायसोपाची, म्हणजे मावा खाणाऱ्या आणखी एका मित्रकिड्याची अंडी. आणि काळ्या घोळक्यात एखादा मावा फुगून बदामी, कडक झालेला असेल तर त्याच्या पोटात बारीक गांधीलमाशीचं पिल्लू वाढतंय असं समजायचं. पाठीला गोल भोक असेल तर ती बाहेर पडून कामाला लागलेली आहे. असे बदामी किडे असलेलं पान मी कधीच तोडत नाही.

हे मित्र असूनही मावा वाढत असेल तर मुंगळे बघायचे. चिकट्याच्या गोडीपायी ते माव्याची राखण करतात, ढालकिड्याला हुसकून लावतात. मांडवाच्या प्रत्येक खांबाला आणि वेलाच्या बुंध्याला मी चिंधी गुंडाळते आणि चिंधीवर ग्रीस लावते. ग्रीस थेट खोडाला लावायचं नाही. एक खांब जरी सुटला, किंवा वेलाची एक फांदी कुंपणाला टेकली, तरी मुंगळे तिथून वर चढतात.

फारच गच्च भरलेले शेंडे खुडून टाकते. बाकीच्यावर सकाळी पाण्याचा जोरदार फवारा, पानाच्या खालून. खाली पडलेला मावा सहसा परत वर चढू शकत नाही. सासूबाई चुलीची राख टाकायला सांगतात. राखेने मावा कमी होतो, पण ती अळीच्या अंगावरही बसते, म्हणून ढालकिडा नसलेल्या शेंड्यावरच मी ती टाकते. निंबोळी अर्कही तसाच, गरज पडली तरच: लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम कुटलेली निंबोळी रात्रभर भिजवायची, फडक्याने गाळायची, साबणाचं थोडं पाणी घालायचं आणि दिवस मावळताना फक्त मावा असलेल्या जागी मारायचं. निंबोळी जून-जुलैतच वेचून वाळवून ठेवावी लागते. आणि वेलाला युरियाची मूठ तर अजिबात नको, त्याने शेंडे लुसलुशीत होतात आणि मावा तुटून पडतो.

कुंपणाच्या चवळीवरचा मावा मी मुद्दाम राहू देते. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, कडेने चवळी लावायला कृषी विभागाची माणसं सांगतात ते याचसाठी. चवळीवर मावा, त्याच्यावर ढालकिडे, आणि तिथे वाढलेले ढालकिडे पुढे पऱ्हाटीवर जातात. माझ्याकडे ते मांडवावर येतात. सांबाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा, एक वाफाही कापत नाही, फुलू देते. त्या बारक्या पांढऱ्या फुलांवर सिरफिड माश्या येतात आणि मग माव्याच्या घोळक्यात अंडी घालतात, त्यांच्या अळ्याही मावाच खातात.

एका वेलाला मात्र मी दया दाखवत नाही. पानं हिरव्या-पिवळ्या चट्ट्यांची, आकसलेली, वेल खुरटलेला दिसला की तो रोग माव्यासारख्या रस शोषणाऱ्या किड्यांनी आणलेला असतो आणि त्यावर औषध नाही. तो वेल मुळासकट उपटून जाळते, आणि त्याच्या शेंगा कितीही भरलेल्या असल्या तरी बियाण्याला ठेवत नाही.