डोळ्याला लागलंच नव्हतं

१९८४ चा ऑगस्ट. आपल्या शाळेत नववी ‘ब’ आणि नववी ‘क’ यांचा खो-खोचा सामना. मैदान ओलं होतं. खांबाजवळ वळताना माझा पाय घसरला आणि डोकं थेट खांबावर आदळलं. भांगाच्या थोडं पुढे, केसांत, दोन बोटं लांबीची खोक पडली. रक्त इतकं वाहिलं की पांढऱ्या ब्लाउजचा खांदा पुरता भिजला. मुली रडायला लागल्या. शिपाईमामा हळद आणायला धावले.

शास्त्राच्या बाई तेव्हा व्हरांड्यात वह्या तपासत होत्या. त्या आल्या, रुमालाची घडी केली, खोकेवर ठेवली आणि तळव्याने दाबून बसल्या. पाणी ओतू दिलं नाही, हळद भरू दिली नाही, मिनिटामिनिटाला रुमाल उचलून पाहिलं नाही. “डोक्याला खाली लगेच हाड असतं. हाडावर दाबलं की रक्त थांबतं,” म्हणाल्या. दहा मिनिटं झाल्यावर मला रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेलं. चार टाके पडले.

खरी गोष्ट पुढेच आहे. तिसऱ्या दिवशी सकाळी उठले तर उजवा डोळा सुजलेला आणि वरची पापणी वांग्याच्या रंगाची. आजीला खात्रीच पटली की डोळ्यालाही लागलंय आणि मी लपवतेय. वर्गातल्या मुलींचंही तेच म्हणणं. बाईंनी मला खिडकीपाशी उजेडात उभं केलं, नीट पाहिलं आणि म्हणाल्या, “डोळ्याला लागलं नव्हतं, मी तिथेच होते. मग हा रंग आला कुठून? निरीक्षणवहीत रोज लिही.”

आपल्या शाळेची ती निरीक्षणवही! तुम्हा माजी विद्यार्थ्यांतल्या अनेकांकडे अजून असेल. तारीख, काय दिसलं, कारण, असे तीन रकाने. मी आठ दिवस लिहिलं : जांभळा, निळसर, कडेने हिरवट, मग पिवळा. ‘कारण’ हा रकाना मात्र कोराच राहिला. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, “मलाही माहीत नाही गं. तुला कळलं की मला येऊन सांग.”

वर्गासमोर ‘मला माहीत नाही’ असं स्वच्छ सांगणारी ती मी पाहिलेली पहिली शिक्षिका. मी आज शरीररचनाशास्त्र शिकवते, त्याचं मूळ त्या कोऱ्या रकान्यात आहे.

बाईंची दुसरी आठवण आवळ्याची. शाळेच्या फाटकाबाहेर चिंचा, बोरं, आवळे विकायला मावशी बसायच्या. त्यांच्याकडून बाईंनी पाटीभर आवळे आणवले आणि प्रत्येकीला घरून छोटा आरसा आणायला सांगितला. आवळा चावायचा, तोंड उघडायचं, जीभ टाळूला लावायची आणि पाणी कुठून येतं ते पाहायचं. जिभेखालच्या पातळ पडद्याच्या दोन्ही बाजूंना बारीकसा उंचवटा असतो, तिथून पाणी झिरपताना चक्क दिसलं. गालाच्या आत उघडणाऱ्या लाळेच्या नळीचं तोंड आरशात दिसणं अवघड, म्हणून बाईंनी जीभ फिरवायला सांगितली. वरच्या दुसऱ्या दाढेसमोर गालाला एक बारीक फोड आल्यासारखं लागतं, तेच ते. कानापुढच्या मोठ्या लाळग्रंथीची सुमारे पाच सेंटिमीटर लांबीची नळी तिथे उघडते. हे वाचता वाचता तुमची जीभ तिकडे गेली असेल, तर बाईंना फार आनंद होईल.

मग परीक्षानळीत भाताची पेज, तिच्यात लाळ, थोड्या थोड्या वेळाने आयोडीनचा थेंब. पेजेतल्या स्टार्चमुळे येणारा निळा-काळा रंग, लाळेने स्टार्च पचत गेला तसा, फिका फिका होत शेवटी येईनासा झाला, तेव्हा वर्गाने टाळ्या वाजवल्या. त्याच वर्षी गालगुंडाची साथ आली. बाईंनी विचारलं, गालगुंड झालेल्याला चिंच खाताना एवढी कळ का येते? त्याचं उत्तर त्यांना ठाऊक होतं. कानापुढच्या ग्रंथीवर घट्ट आवरण असतं. ती सुजली की आतला ताण वाढतो, आणि आंबट खाल्लं की तीच ग्रंथी लाळ सोडायला धडपडते.

१९८८ साली पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजला प्रवेश मिळाला. पेठेतून सायकल हाणत ससूनपर्यंत जायचं आणि सकाळीच डिसेक्शन हॉलच्या फॉर्मेलिनने डोळे चुरचुरायचे. डोकं आणि मान हा भाग पुढच्या वर्षी आला. स्कॅल्पचे, म्हणजे कवटीवरच्या आवरणाचे, पाच थर सरांनी एकेक करून उलगडून दाखवले. वर त्वचा. तिच्याखाली घट्ट धाग्यांचा थर, सगळ्या रक्तवाहिन्या त्यात. या धाग्यांनी वाहिन्यांच्या भिंती धरून ठेवलेल्या असतात, त्यामुळे कापल्यावर त्या आक्रसून मिटत नाहीत. इथली छोटी खोकही एवढी वाहते ती म्हणून. बाईंचा तळवा मला तिथेच आठवला. तिसरा थर चपट्या, चिवट कंडरेचा. तिला पुढे कपाळाचा आणि मागे डोक्याच्या पाठीमागचा स्नायू जोडलेला, म्हणून ती आडवी कापली की जखम आ वासते. सगळ्यात खाली हाडावरचं आवरण.

आणि या दोहोंच्या मधला, चौथा थर सैल, जाळीदार. शनिवारी रात्री आई तेल लावायला बसली की माझ्या डोक्याची कातडी तिच्या बोटांखाली मागेपुढे सरकायची. वरचे तिन्ही थर एकत्र सरकतात ते या सैल थरावरून. इथे रक्त साठलं तर त्याला अडवणारं फारसं काही नाही. मागच्या बाजूला स्नायू हाडाला चिकटलेला आहे, तिकडे वाट बंद. पुढे मात्र कपाळाचा स्नायू हाडाला चिकटतच नाही, तो भुवईच्या कातडीत संपतो. मग रक्त हळूहळू उतरत, दोन-तीन दिवसांनी, पापणीत येतं.

त्या संध्याकाळी मी घरी न जाता थेट बाईंकडे गेले. जुनी वही शोधून बरोबर नेण्याएवढाही धीर नव्हता. बाईंनी स्वतःच्या भुवईवर बोट ठेवून ती वरखाली करून पाहिली, दोनदा तिनदा, आणि म्हणाल्या, “म्हणजे दार पुढेच उघडं!” नंतर वहीही नेली. रकाना पाच वर्षांनी भरला.

आता माझे विद्यार्थी डोक्याच्या रक्तवाहिन्या पाठ करायला लागले की मी त्यांना पुण्याचीच गोष्ट सांगते. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये एक पत्र छापून आलं. इंग्रजी फौजेतल्या कावसजी नावाच्या गाडीवानाचं नाक टिपूच्या कैदेत कापलं गेलं होतं. पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या समाजातल्या एका कारागिराने त्याला नवं नाक बसवलं. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या आकाराचा करून कपाळावर ठेवला, भोवती रेघ मारली, तेवढी कातडी सोडवली आणि दोन डोळ्यांच्या मध्ये एक चिंचोळी पट्टी न कापता ठेवून ती खाली वळवली. सांधा धरायला पाण्यात मऊ केलेला कात फासलेल्या कापडाच्या पट्ट्या लावल्या. डोळ्यांमधली ती कातडीची पट्टी सुमारे पंचविसाव्या दिवशी कापली. कारागिराचं नाव पत्रात नाही, याची मला दरवर्षी नव्याने हळहळ वाटते. भुवईच्या आतल्या टोकापासून कपाळावर एक धमनी चढते. ती त्या पट्टीत राहिली, म्हणून कपाळाची कातडी नाकावर जगली. त्याला त्या धमनीचं नाव माहीत असायचं कारण नव्हतं, पण पट्टी कुठे राखायची हे त्याच्या हाताला पक्कं ठाऊक होतं. कपाळावरून नाक करायची ही रीत शल्यचिकित्सक आजही वापरतात.

चार वर्षांपूर्वी बाईंच्या मुलीचा सकाळी सहाला फोन आला. “आईचं तोंड वाकडं झालंय.” मी पोचले तेव्हा घरात सगळ्यांचे चेहरे उतरलेले, आणि बाई आरशासमोर. त्यांना भुवया उंचवायला सांगितल्या. उजव्या बाजूला आठ्या पडल्या, डावं कपाळ सपाटच राहिलं. डावा डोळाही मिटेना. हातपाय, बोलणं ठीक. माझा जीव थोडा खाली आला. कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम येतो, त्यामुळे मेंदूतल्या झटक्यात कपाळ बहुधा वाचतं. अर्धा चेहरा कपाळासकट गेला, म्हणजे बिघाड बहुतेक सातव्या नसेतच, मेंदूतून निघून चेहऱ्याचे स्नायू हलवणाऱ्या मज्जातंतूत. तरी वेळ न घालवता मेंदूविकारतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनीही तेच निदान केलं, गोळ्या सुरू केल्या, रात्री डोळा पट्टीने बंद ठेवायला सांगितला.

ही सातवी नस कानापुढच्या लाळग्रंथीच्या आतून जाते आणि तिथेच पाच फांद्या फुटून चेहऱ्यावर पसरते. विच्छेदनात ती ग्रंथी चिमट्याने कण कण करून काढावी लागते, नाहीतर फांद्या तुटतात. आणि गंमत अशी की जिच्या पोटातून जाते त्या ग्रंथीला ती लाळ सोडायला सांगतच नाही. ते काम नवव्या नसेचं. सातवी सांगते ती जबड्याखालच्या आणि जिभेखालच्या ग्रंथींना.

हे मी बाईंना सांगितलं नव्हतं. आठ दिवसांनी भेटायला गेले तर त्यांनी उशीखालून वही काढली. तेच तीन रकाने. जिभेच्या पुढच्या भागाला डावीकडे मिठाची चव लागत नाही. डाव्या कानाला कुकरची शिट्टी असह्य होते. आणि त्याखाली, थरथरत्या पण नेटक्या अक्षरात : ‘आवळा खाऊन आरशात पाहिलं. गालातून पाणी दोन्हीकडे सारखं येतंय असं वाटतं. जिभेखाली मात्र डावीकडे फार कमी.’

‘कारण’ हा रकाना कोरा होता. बाईंनी पेन पुढे केलं. “तुला ठाऊक असणार. लिही,” म्हणाल्या.