वेलांटी न दिसणारा वाचक

माझ्या प्रोग्रामने 'मिनिट' हा शब्द वाचला आणि मला परत काय दिलं, तर म, न, ट. तीन सुटी अक्षरं, प्रत्येक जणू स्वतंत्र नाव. दोन्ही वेलांट्या गायब. तक्रार नाही, लाल अक्षरातली चूक नाही, काही नाही. मुकाट्याने गिळल्या होत्या.

करायला बसलो होतो ते अगदी साधं होतं. मराठीत लिहिलेलं गणित ज्याला कळेल असा एक छोटा कॅल्क्युलेटर. 'मिनिट = ६०' असं लिहावं, खालच्या ओळीत 'मिनिट * (२४ - ४)' लिहावं आणि उत्तर यावं. प्रोग्राम लिहायची भाषा पायथन, वेळ एक दुपार. निदान माझी तशी समजूत होती.

पायथनकडूनच परस्पर गणित करून घ्यायची पळवाट आधी शोधून झाली होती. पण तिथे एक गंमत आहे. 'मिनिट' हे नाव पायथनच्या व्याकरणात बिनतक्रार चालतं. २००८ साली तिसरी आवृत्ती आली तेव्हापासून चालतं. '६०' मात्र चालत नाही. प्रोग्राममध्ये लिहायचे आकडे इंग्रजीच (0 ते 9) हवेत. तेच '६०' अवतरणात घालून 'याची संख्या कर' म्हटलं, की पायथन निमूटपणे साठ काढून देतं. म्हणजे आकडे त्याला येतात, फक्त दारातून आत घेत नाही. तेव्हा वाचायचं काम आपणच करायचं हे ठरलं.

तयार हत्यारंही आहेत. १९७५ च्या सुमारास बेल लॅब्समध्ये 'याक' नावाचं एक आलं, नियम दिले की पार्सर, म्हणजे ओळीची रचना ओळखणारा भाग, बनवून देणारं. 'आणखी एक कंपायलर-कंपायलर' (कंपायलर म्हणजे लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत आणणारा प्रोग्राम) अशा अर्थाच्या नावाची ती आद्याक्षरं. म्हणजे लोकांना त्यांचा वीट तेव्हाच आला असणार. पण तयार घेतलं असतं, तर वेलांट्या कुठे गेल्या हे मला कधी कळलंच नसतं.

हे वाचणं दोन टप्प्यांत होतं. आधी लेक्सर. त्याचं काम कात्रीचं: सलग ओळ घ्यायची आणि तिचे अर्थ असलेले तुकडे, म्हणजे टोकन, पाडायचे. हा आकडा, हे नाव, हे गुणाकाराचं चिन्ह, हा उघडता कंस. कोण कोणाशी बांधलेलं आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. ते काम मागून येणाऱ्या पार्सरचं.

कात्री चालवायला रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे मजकुरात काय शोधायचं ते सांगणारा साचा, होतंच. त्यात 'शब्दात चालणारं कुठलंही अक्षर' अशा अर्थाची एक आखूड खूण असते, मी ती ठेवून दिली. पायथनच्या हिशेबात या खुणेत आपले स्वर आणि व्यंजनं बसतात. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, पाय मोडल्याची खूण ही मंडळी बसत नाहीत. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या यादीत, ती अक्षरं नव्हेत, अक्षरांवर चढवायची चिन्हं आहेत. त्यामुळे 'म' जुळला, वेलांटी आली, कात्री चालली. 'न' जुळला, वेलांटी आली, पुन्हा कात्री. आणि 'जे जुळेल ते सगळं गोळा कर' असं मी सांगितलेलं असल्यामुळे जे जुळलं नाही ते गाळण्यात त्याला काही वावगं वाटलं नाही. आज्ञाधारक माणसाचा हाच तर त्रास असतो.

त्यातही वेलांटीचं प्रकरण मला आवडलं. डोळ्याला पहिली वेलांटी आधी दिसते, 'म' नंतर. हातही आधी तीच काढतो. कॉम्प्युटरात मात्र 'म' आधी साठवलेला असतो आणि वेलांटी नंतर, आपण उच्चारतो त्या क्रमाने. पडद्यावर ती उडी मारून पुढे येते ती फक्त आपल्या सोयीसाठी. इतकी वर्षं वेलांटी काढतोय, ती व्यंजनाच्या पुढे बसून मागून बोलते हे कधी मनात आलं नव्हतं.

उपाय केला तो घाईचा. ती खूण काढून टाकली आणि युनिकोडमधला देवनागरीचा अख्खा पट्टा 'नाव' म्हणून जाहीर केला. 'मिनिट' एकसंध आलं. आणि लगेच '६०' हेही नाव झालं, कारण देवनागरीचे आकडे त्याच पट्ट्यात राहतात. प्रोग्राम म्हणाला, '६० नावाची गोष्ट मला माहीत नाही.' आकड्याचा नियम नावाच्या नियमाच्या वर नेऊन ठेवला, तेव्हा शांतता झाली. पायथनमध्ये अनेक पर्याय दिले की तो सगळ्यात लांब जुळणारा शोधत नाही, यादीत आधी असलेला उचलतो. घाताचं दोन चांदण्यांचं चिन्ह (**) मी गुणाकाराच्या एका चांदणीखाली (*) लिहिलं होतं. तेही म्हणूनच दोन गुणाकारांत फुटत होतं.

शब्द तोडणं हे काम आहे असं आपल्याला वाटतच नाही, कारण छापणाऱ्याने मधली जागा सोडून ते आपल्यासाठी करून ठेवलेलं असतं. मोडी लिपीत तशी जागा सोडायची पद्धत नव्हती. लेखणी धावत सुटायची आणि शब्द कुठे संपला हे वाचणाऱ्याने अर्थावरून ठरवायचं. १९५७ सालच्या फोरट्रान या प्रोग्रामिंगच्या भाषेचं तसंच होतं. ओळीतल्या मोकळ्या जागांना तिथे किंमतच नव्हती. 'डू १० आय = १,१०' ही ओळ म्हणजे एक काम पुन्हा पुन्हा करायची आज्ञा. त्यातल्या स्वल्पविरामाच्या जागी टिंब पडलं, की 'डू१०आय' नावाच्या कुठल्याशा डब्यात १.१० ठेवायचं एवढाच अर्थ उरतो. म्हणजे स्वल्पविराम दिसेपर्यंत पहिला शब्द कुठे तोडायचा हेच लेक्सरला ठरवता येत नाही. त्या पहिल्या फोरट्रान कंपायलरला सुमारे १८ मनुष्य-वर्षं लागली, असं सांगतात. माझा कॅल्क्युलेटर शंभरेक ओळींत मावतो. याचं श्रेय माझं नव्हे, मधल्या काळात रीत सापडली आहे.

ती रीत पार्सरमध्ये दिसते. मी तीन फंक्शनं, म्हणजे नावाने हाक मारता येणारे प्रोग्रामचे तुकडे, लिहिली आणि हौसेने त्यांना शाळेच्या बीजगणितातली नावं दिली: पदावली, पद, अवयव. पदावली म्हणजे पदांची बेरीज-वजाबाकी. पद म्हणजे अवयवांचा गुणाकार-भागाकार. अवयव म्हणजे एक आकडा, किंवा एक नाव, किंवा कंसात पुन्हा एक अख्खी पदावली. या शेवटच्या चार शब्दांत सगळी जादू आहे. कंसात कंस कितीही खोल जाऊ देत, वेगळं काही लिहावं लागत नाही. शिवाय दोन हातकामाची फंक्शनं: 'डोकाव' आणि 'उचल'. डोकाव पुढचं टोकन नुसतं बघून येतं, उचल ते काढून घेतं. पार्सरचं निम्मं शहाणपण डोकावून न उचलण्यात आहे.

पहिल्या प्रयत्नात मी नियम लिहिला तो व्याकरणाच्या दृष्टीने अगदी बरोबर होता: 'पदावली म्हणजे आधी पदावली, मग उणे, मग पद.' तसाच्या तसा फंक्शनमध्ये उतरवला. पदावलीने पहिल्याच पावलाला पदावलीला हाक मारली. तिने पुन्हा पदावलीला. एकही टोकन न उचलता ही हाकाहाकी चालू राहिली, आणि साधारण हजार पायऱ्या खोल गेल्यावर पायथननेच हात टेकले. तेवढीच त्याची मर्यादा असते, मुद्दाम ठेवलेली.

मग मी नियम उलटा केला: आधी पद, मग उणे, मग पदावली. चाललं! १० - ३ - २ टाकलं. उत्तर आलं ९. उजवीकडचं ३ - २ आधी उरकून आलेला एक त्याने दहातून वजा केला होता. चुकीचं उत्तर आत्मविश्वासाने आलं की आपण आधी स्वतःवरच संशय घेतो. मी कागदावर वजाबाकी करून पाहिली, हे कबूल करतो. शेवटी त्या फंक्शनमध्ये साधा लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणारा फेरा, घातला: एक पद घे, पुढे अधिक किंवा उणे दिसतंय तोवर आणखी एक पद घे आणि हिशेब तिथल्या तिथे मिटव. उत्तर पाच.

हे करताना शाळेतलं 'कंचेभागुबेव' सारखं डोक्यात वाजत होतं. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. पार्सर लिहिणाऱ्याला ही साखळी शब्दशः घेता येत नाही. भागाकार-गुणाकार एकाच पायरीवर असतात आणि डावीकडून उजवीकडे सुटतात, बेरीज-वजाबाकीचंही तेच. तरी 'भागु' निभावतं. भागाकार आधी उरकले तरी उत्तर बिघडत नाही: १२ / २ * ३ चे अठराच येतात, ३ * १२ / २ चेही अठराच. 'बेव' मात्र दगा देतं. १० - ३ + २ मध्ये बेरीज आधी केली की पाच येतात, यायला हवेत नऊ. 'वबे' म्हटलं असतं तर एकदाही चुकलं नसतं, पण 'कंचेभागुवबे' जिभेवर बसत नाही. पाठांतरात चालीचा मान मोठा असतो. आमच्या पिढीने बेरजा बरोबर केल्या त्या नियमामुळे नव्हे, बहुधा बाईंनी फळ्यावर सोडवून दाखवल्यामुळे.

आणखी एक जागा अशी निघाली जिथे चूक-बरोबर काही नव्हतं, नुसता निर्णय होता. उणे दोनचा वर्ग, कंस न घालता लिहिलेला: -२ ** २. पायथन याचे उणे चार देतं. आधी वर्ग, मग उणे. एक्सेलमध्ये घाताचं चिन्ह टोपीचं (^) आहे, पण तेच गणित टाकलं तर अधिक चार येतात, कारण तिथे उणे दोनाला आधीच चिकटलेलं असतं. दोघांचं व्याकरण आतून सुसंगत. फरक एवढाच की उण्याचा नियम घाताच्या वरच्या फंक्शनमध्ये ठेवला की खालच्या. मी पायथनची बाजू घेतली. एक ओळ खाली-वर केली की कोट्यवधी लोकांशी मतभेद होतो, हे जरा अंगावर आलं.

राहिले चुकीचे संदेश. दुसऱ्यांच्या प्रोग्रामांनी 'अनपेक्षित टोकन' म्हटल्यावर मी आजवर जे काही बोललो आहे ते इथे लिहिण्यासारखं नाही. आता संदेश लिहायची पाळी माझी होती. ठरवलं, की नेमकी जागा दाखवायची: ओळ पुन्हा छापायची आणि चुकीच्या टोकनाखाली एक बाण. 'मिनिट + * २' असं मुद्दाम चुकीचं लिहिलं. अधिकनंतर लगेच आलेली चांदणी हा गुन्हेगार, बाण तिच्याखाली यायला हवा.

बाण आला तो २ च्या खाली.

पुन्हा पुन्हा मोजलं. पायथनला विचारलं, 'मिनिट' किती लांब? म्हणाला, पाच. म, वेलांटी, न, वेलांटी, ट. मी मोजतो तीन. माझ्या टर्मिनलमध्येही, म्हणजे प्रोग्रामचं उत्तर छापलं जातं त्या खिडकीत, घरं तीनच भरतात, कारण वेलांटी आपल्या अक्षराच्याच घरात राहते. बाण मात्र पाच मोजून पुढे सरकतो. आधी ज्यांना अक्षर मानायला तो तयार नव्हता, त्याच दोन वेलांट्या आता अख्ख्या अक्षरांच्या हिशेबाने वसूल करत होता.

चिन्हं सोडून मोजायचं असं एक फंक्शन लिहून पाहिलं. 'मिनिट'पुरतं ते चाललं. मग मी 'त्रिज्या' लिहून पाहिलं. त्यात पायथनला आठ दिसतात, माझं फंक्शन चार म्हणतं आणि मला दोन दिसतात. ते फंक्शन तसंच ठेवून दिलंय. संदेशात बाणाच्या शेजारी आता कंसात लिहून येतं: 'इथेच कुठेतरी.'