भेसळीतला धान

धानाचे बीजोत्पादन प्लॉट, म्हणजे बियाण्यासाठी पिकवलेली शेतं, पाहणं हे माझं काम. पीक निसवलं, म्हणजे लोंब्या बाहेर पडल्या, की बांधीबांधीतून (धानाच्या वाफ्यांतून) चालायचं आणि वेगळं दिसणारं झाड मुळासकट उपटायला लावायचं. कुठे एखादं उंच गेलेलं, कुठे लवकर निसवलेलं, कुठे दाण्याचा रंगच निराळा. ही भेसळ. ती वेळेवर निघाली आणि शेजारच्या वाणापासून ३ मीटर अंतर राखलं, तर प्लॉट पास व्हायला अडचण नाही.

त्यामुळे अशाच वेगळ्या लोंब्यांतून नवा वाण काढणारे शेतकरी दादाजी खोब्रागडे माझ्या डोक्यातून जात नाहीत. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातलं नांदेड हे त्यांचं गाव, शेती जेमतेम दीड एकर. १९८३ साली 'पटेल ३' या वाणाच्या धानात त्यांना पिवळसर दाण्याच्या तीन लोंब्या दिसल्या. आमच्या नियमाने ती उपटून फेकायची. त्यांनी दाणे जपून ठेवले आणि पुढच्या हंगामात वेगळे पेरले.

हे ऐकायला सोपं वाटतं. धानात परागण आपल्याआपल्यातच होतं, म्हणून एका लोंबीची पिल्लावळ सहसा तिच्यासारखीच निघते. पण ती लोंब अपघाताने झालेल्या संकराची असली, तर पुढच्या पिढीत एक झाड उंच, एक बुटकं, एक उशिरा पिकणारं असा सगळा गोंधळ. मग दर वर्षी मनासारखी झाडं निवडायची, त्यांचंच बी धरायचं, बाकीचं खाण्यात घालायचं. पीक एकसारखं दिसायला पाच-सहा पिढ्या सहज जातात. विद्यापीठातला पैदासकार, म्हणजे नवे वाण तयार करणारा, हेच करतो. फक्त त्याला पगार असतो आणि रानडुकरांसाठी काटेरी कुंपण स्वतः घालावं लागत नाही.

बारीक दाण्याचा तो धान पुढे गावोगाव गेला. त्या काळी एचएमटी घड्याळं जोरात होती, व्यापाऱ्यांनी तेच नाव लावलं. १९९८ मध्ये अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने 'पीकेव्ही एचएमटी' हा वाण प्रसारित केला आणि श्रेय खोब्रागडेंचं की विद्यापीठाचं, असा वाद झाला. खोब्रागडे मात्र थांबले नाहीत. विजय नांदेड, नांदेड ९२, नांदेड हिरा, डीआरके असे वाण काढत राहिले. २०१८ मध्ये ते गेले.

शेतकऱ्यांनी देशी वाण 'जपले' असं भाषणांत ऐकतो, तेव्हा मला ते अर्धंच वाटतं. जनुकपेढीत, म्हणजे वाणांचं बी साठवणाऱ्या शीतगृहात, उणे १८ अंशांना ठेवलेलं बी ठेवलं तसंच राहतं, तेही हवंच. पण बांधीतल्या बियाला दर वर्षी नवा पाऊस, नवा करपा रोग भेटतो, आणि त्यातून काय धरायचं हे कुणीतरी उभ्या पिकात ठरवत असतं. अनेक घरांत ते बाईच ठरवते. मळणीआधी बियाची लोंब तीच वेगळी काढते.

२००१ च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्यालाही पैदासकार म्हणून वाण नोंदवता येतो. ब्रँडचं लेबल न लावता बी विकायची, वाटायची मोकळीकही त्यात आहे. नोंदणीसाठी वाण वेगळा आणि एकसारखा असल्याचं दाखवावं लागतं, आणि ती मोजमापं, वर्णनं, अर्ज दीड एकरवाल्याला एकट्याने जमणारी नाहीत. प्लॉट पाहायला आम्ही तसेही गावात येतोच. त्याच फेरीत एखाद्याच्या वेगळ्या लोंबीची नोंद लिहून द्यायला काय हरकत आहे, हे मला कुणी सांगितलेलं नाही.