पत्र्याला ड्रिल लावायच्या आधी

मागच्या शटडाऊनला बॉयलर हाऊसच्या शेडवर कॉन्ट्रॅक्टरची दोन पोरं केबल ट्रे बसवायला चढली होती, मी पोचेपर्यंत पत्र्याला तीन भोकं पाडून झाली होती आणि खाली एक हेल्पर ती पांढरी पावडर झाडूने गोळा करत होता, तोंडाला नुसता रुमाल. काम थांबवलं तर म्हणतो, "साहेब, सिमेंटच आहे ना, काय होतंय त्याला?"

त्याचं चुकलं नाही, आपण सगळेच त्याला सिमेंटचा पत्रा म्हणतो. आत ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात हे कोणी सांगतच नाही. पत्रा धड असेल, नुसता छपरावर पडून असेल तर फारसा त्रास नाही, पण ड्रिल लावला, कापला, फोडला की तंतू हवेत जातात, ते डोळ्याला दिसत नाहीत आणि रुमालाने अडतही नाहीत. झाडू मारला की पुन्हा उडतात. ब्रिटनमध्ये १९९९ साली बंदी आली, तरी जुन्या इमारतींमध्ये ॲस्बेस्टॉस कुठे आहे ते शोधायचा सर्व्हे अजून करावाच लागतो, आपल्याकडे तर असे पत्रे आजही विकले जातात.

त्या दिवसानंतर मी अख्ख्या प्लांटचा सर्व्हे लावून धरला. पत्रे सोपे निघाले, खरी भीती जुन्या स्टीम लाईनच्या लॅगिंगची, म्हणजे पाइपवर उष्णता अडवायला गुंडाळलेल्या थराची. एका एल्बोवरचं, म्हणजे पाइपच्या वळणावरचं, कापड फाटलेलं होतं, आतला राखाडी थर भुसभुशीत झालेला, बोट लागलं तर पीठ पडेल असा. तिथे पंखे बंद केले, साबणाच्या पाण्याचा बारीक फवारा मारून ओलं केलं, नखाएवढा तुकडा काढून दुहेरी पिशवीत घातला, जागा टेपने बंद केली, नंबर टाकला आणि ड्रॉइंगवर खूण केली. नुसतं बघून ॲस्बेस्टॉस आहे की नाही हे कोणालाच सांगता येत नाही, लॅबमध्ये मायक्रोस्कोपखालीच कळतं, आणि रिपोर्ट येईपर्यंत आहे असंच धरून चालायचं. गास्केट (पाइपच्या जोडातली चकती), ग्लँडची दोरी (व्हॉल्व्ह, पंपाची गळती अडवणारी), जुने ब्रेक लायनिंग हे पण यादीत घ्या, ते हमखास सुटतात.

पण या सर्व्हेचं रजिस्टर माझ्या कपाटात राहिलं तर ड्रिलवाल्याला त्याचा काय उपयोग? म्हणून आता वर्क परमिटवरच, म्हणजे काम सुरू करायच्या परवानगीच्या कागदावरच, ओळ टाकलीय, पत्र्याचा नंबर बघितल्याशिवाय सही नाही. काढलेला माल ओला करून, जाड पिशवीत सील करून घातक कचऱ्याच्या साइटवर जातो, भंगारवाल्याकडे अजिबात नाही.

हे तंतू श्वासातून आत गेल्याने होणारा आजार वीस, तीस, चाळीस वर्षांनी दिसतो. सुप्रीम कोर्टाने १९९५ सालीच सांगितलंय, ॲस्बेस्टॉसच्या कामगाराचं हेल्थ रेकॉर्ड नोकरी लागल्यापासून किमान ४० वर्षं किंवा ती सुटल्यावर १५ वर्षं, यातलं जे नंतर संपेल तिथपर्यंत ठेवा. पण तीन दिवसांसाठी आलेल्या हेल्परचं रेकॉर्ड कोण ठेवणार? त्या पोराचं नाव, गाव आणि तारीख मी रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलीय. कॉन्ट्रॅक्टर बदलला, तो पोरगा आता कुठे असतो हे विचारूनही कळलं नाही, अजून विचारतोय.