दहाचं कार्ड, सव्वातीनचा वेग

नागपूरच्या धरमपेठेतला एक व्हिडिओ एडिटिंग स्टुडिओ. सर्व्हरमध्ये इंटेल एक्स५४०चं सेकंदाला दहा गिगाबिटचं नेटवर्क कार्ड, एडिटिंगच्या मशीनमध्येही तेच, मधे थेट कॅट-६एची नेटवर्क केबल. मालकांचा निकाल आधीच लागला होता: "भाऊ, कार्डच खराब आहे. फाइल कॉपी व्हायला किती वेळ लागते पाहा."

फाइल कॉपीवरून कार्डाची पारख करूच नये. साटा एसएसडी सेकंदाला साधारण ५५० मेगाबाइटवर अडते, म्हणजे ४.४ गिगाबिट, हार्डडिस्क त्याच्या कितीतरी आधी. म्हणून आयपर्फ३ हा नेटवर्कचा वेग मोजणारा प्रोग्राम लावला. तो मेमरीतून मेमरीत डेटा पाठवतो, डिस्कचा संबंधच येत नाही. टेस्ट ३० सेकंदांची, सुरुवातीचे ३ सेकंद मोजणीतून वगळलेले, कारण टीसीपी, म्हणजे डेटा पोचवण्याचा नेटवर्कचा नियमसंच, तेव्हा वेग पकडत असतो. मग उलट्या दिशेने तीच टेस्ट.

दोन्हीकडून सव्वातीन गिगाबिटच्या आसपास. कार्डाची स्थिती दाखवणारं ईथटूल मात्र लिंक १०००० मेगाबिटची, म्हणजे पूर्ण दहा गिगाबिटची, दाखवत होतं. मला खटकला तो आकड्याचा ठामपणा. केबल सदोष असली की वेग हेलकावतो आणि सीआरसी एरर, म्हणजे वाटेत बिघडलेली पॅकेटं, वाढतात. इथे एररचा काउंटर शून्यावर. सीपीयू कमी पडला तर एखादा कोअर शंभर टक्क्यांवर जातो. इथे सगळे निवांत. वाढत होता तो सर्व्हरवरचा 'आरएक्स मिस्ड एरर्स'. म्हणजे पॅकेट तारेवरून कार्डापर्यंत धड पोचत होतं, पण पुढे मेमरीत टाकायला वाट वेळेवर मोकळी होत नव्हती आणि कार्डाचा बफर भरून वाहत होता.

लिनक्स कर्नलच्या लॉगमध्ये बूट होतानाची ओळ सापडली: उपलब्ध पीसीआय एक्सप्रेस (कार्डाला मदरबोर्डाशी जोडणारा मार्ग) बँडविड्थ ४ गिगाबिट, कार्डाची क्षमता ३२. स्लॉटमधल्या कार्डांची माहिती देणाऱ्या एलएसपीसीआयनेही तेच सांगितलं, क्षमता एक्स८ म्हणजे आठ लेनची (डेटाच्या आठ वाटांची), प्रत्यक्षात एक्स१. कार्ड बसवलं होतं सगळ्यात खालच्या लांब स्लॉटमध्ये. दिसायला तो एक्स१६, पण त्या बोर्डावर शेजारचे छोटे स्लॉट वापरात असले की त्याला एकच लेन उरते. सेकंदाला ५ गिगाट्रान्सफरच्या, म्हणजे ५ अब्ज कच्च्या बिटांच्या लेनमधून एन्कोडिंगचा पाचवा हिस्सा गेला की राहतात ४ गिगाबिट. पीसीआयच्या पॅकेटांचे हेडर वजा केले की उरतो जेमतेम सव्वातीन.

वरच्या स्लॉटमधलं ग्राफिक्स कार्ड सर्व्हरला नकोच होतं, स्क्रीन ऑनबोर्डवर चालत होती. ते काढून नेटवर्क कार्ड तिथे बसवलं. आकडा ९.४१. यापुढे १५०० एमटीयूवर, म्हणजे पॅकेट जास्तीत जास्त १५०० बाइटचं असताना, काही शोधत बसू नये: तारेवर १५३८ बाइट जातात तेव्हा कामाचे १४४८ पोचतात. गिगाबिट कार्डावर म्हणूनच ९४१ मेगाबिट येतात.

राहिला उन्हाळा. या कार्डाच्या हीटसिंकवर पंखा नसतो, सर्व्हरच्या कॅबिनेटमधला हवेचा झोत गृहीत धरलेला असतो. साध्या कॅबिनेटमध्ये, नागपूरच्या ४५ अंशांत, तो झोत कुठून येणार? म्हणून कार्डासमोर १२० मिलिमीटरचा पंखा लावला आणि टेस्ट अर्धा तास चालू ठेवली. आकडा ९.४१वरून हलला नाही.