लॉगिन झालं, पण इनेबल होईना

एक अख्खा मजला नेटवर्कवरून गेला होता. तिथला स्विच (मजल्यावरची यंत्रं नेटवर्कला जोडणारी पेटी) पिंगला उत्तर देत नव्हता, म्हणून थेट स्विचला जोडायची कन्सोल केबल लावून बसलो. लोकल युजरनेमने लॉगिन झालं. पण इनेबल, म्हणजे पूर्ण अधिकार मागणारी कमांड, टाकली की 'एरर इन ऑथेंटिकेशन'. पासवर्ड बरोबर होता, तरीही.

सोबतचा इंजिनिअर म्हणाला, "सर, मोड बटण दाबून पासवर्ड रिकव्हरी करू का?" मी थांबवलं. रिकव्हरी म्हणजे रीबूट, आणि रनिंग कॉन्फिगमध्ये (सध्या चालू असलेल्या, सेव्ह न केल्यास रीबूटमध्ये पुसल्या जाणाऱ्या सेटिंगमध्ये) काय सेव्ह करायचं राहिलंय ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

स्विच सिस्कोचा. पासवर्ड कुठे तपासायचा याची त्यात यादी असते. लॉगिनच्या यादीत आधी टॅकॅक्स प्लस (मध्यवर्ती सर्व्हरकडून तपासणी), मग लोकल (स्विचमध्येच साठवलेले युजर). इनेबलच्या यादीत मात्र एकटा टॅकॅक्स प्लस. सर्व्हरपर्यंत वाटच नसल्यामुळे लॉगिनला लोकलचा आधार मिळाला, इनेबलला कुणाचाच नाही. लोकल युजरला प्रिव्हिलेज १५ (पूर्ण अधिकार) दिलेलं होतं, पण ट्रिपल ए (ओळख आणि अधिकार तपासणारी यंत्रणा) चालू असताना एक्झेक ऑथरायझेशन (लॉगिन होतानाच अधिकार देणारं सेटिंग) नसेल तर ते लागूच होत नाही. कन्सोलसाठी तर हे ऑथरायझेशन वेगळं चालू करावं लागतं. त्यामुळे आम्ही लेव्हल १ वर, म्हणजे जेमतेम पाहण्यापुरत्या अधिकारांवर, अडकलो होतो.

लेव्हल १ ला लोक उगाच कमी लेखतात. तिथून ट्रंक (दोन स्विचना जोडणारी मुख्य लिंक) दिसत होता आणि या बाजूने तो व्यवस्थित होता. सीडीपीने (शेजारचं सिस्को उपकरण ओळखणारा प्रोटोकॉल) वरच्या स्विचचं नाव आणि पोर्टही सांगितला. वरच्या स्विचवर गेलो तर कारण समोरच होतं: नवीन व्हीलॅन (नेटवर्कचा वेगळा केलेला भाग) देताना ट्रंकच्या कमांडमध्ये 'ॲड' हा शब्द राहिला होता. त्यामुळे जुनी यादी पुसली जाऊन नवा व्हीलॅन तेवढा उरला होता. मॅनेजमेंटचा व्हीलॅनही गेलेला. जुने व्हीलॅन परत जोडले, मजला चालू झाला, आणि सर्व्हर दिसू लागताच इनेबलही झालं.

पण एवढ्यावर सोडणं मला पटेना. इनेबलच्या यादीच्या शेवटी 'इनेबल' जोडलं, म्हणजे सर्व्हर गप्प असला तर स्विचमधलंच सीक्रेट (तिथे साठवलेला इनेबलचा पासवर्ड) चालेल. बदलाआधी 'रीलोड इन १०' लावलं, म्हणजे बाहेर अडकलोच तर दहा मिनिटांनी स्विच रीबूट होऊन सेव्ह केलेल्या कॉन्फिगवर येईल (अर्थात त्याआधी रनिंग कॉन्फिग सेव्ह करून), एक सेशन उघडं ठेवलं आणि दुसऱ्यातून तपासलं.

तेवढ्यात त्या इंजिनिअरने विचारलं, "सर्व्हर चालू असताना लोकल पासवर्ड का घेत नाही?" प्रश्न नेमका होता. सर्व्हरने 'नाही' म्हटलं तर स्विच तिथेच थांबतो. पुढची पद्धत तो फक्त सर्व्हरकडून उत्तरच आलं नाही तर वापरतो. हा फरक नसता, तर सर्व्हरवर बंद केलेल्या माणसाला जुन्या लोकल पासवर्डने सहज आत येता आलं असतं.

मग टीसीपी ४९, म्हणजे टॅकॅक्स प्लसचं पोर्ट, मुद्दाम अडवून पाहिलं. काही सेकंद थांबून स्विचने स्वतःचं सीक्रेट मागितलं आणि स्वीकारलं. अडवलेलं पोर्ट मोकळं केलं, रीलोड रद्द केलं, कॉन्फिग सेव्ह केलं, आणि बाकीच्या स्विचेसवर इनेबलची ओळ शोधायला बसलो. एकट्या टॅकॅक्सवर उभे असलेले आणखी बरेच निघाले.